वगळलेलं प्रकरण : इंग्रजी खेड्याच्या आठवणी आणि आपण वाचक

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

आज सुरुवात एका कबुलीनं करतो. १९५९ साली इंग्लंडात एक पुस्तक आलं, ‘सायडर विथ रोझी’. लॉरी ली या कवीच्या बालपणीच्या आठवणी. ग्लॉस्टरशरमधलं स्लॅड नावाचं, एका अरुंद दरीतलं खेडं. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. तीन वर्षांच्या पोराला गाडीतून उतरवून गवतात ठेवतात, गवत त्याच्या डोक्याच्या वर जाणारं, आणि ते भेदरून रडायला लागतं. तिथून पुस्तक सुरू होतं. मी ते विशीत वाचलं. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो, कांट डोक्यावरून जात होता, त्यातून सुटका म्हणून वाचलं. आणि पुढं पन्नासेक वर्षं लोकांना सांगत आलो, की मनाला गारवा देणारं पुस्तक हवं असेल तर हे वाचा. एका विद्यार्थिनीला तर मी ते लग्नात भेट दिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ते पुन्हा हातात घेतलं आणि मध्यावर थबकलो. तिथं एक खून आहे. त्याच गावातून न्यूझीलंडला गेलेला एक माणूस पैसा कमावून नाताळात परत येतो. गुत्त्यात बसून बढाया मारतो, गावात राहिलेल्यांना हिणवतो. रात्री बर्फात गावची तरणी पोरं त्याला गाठतात, बेदम मारतात आणि तिथंच टाकून देतात. सकाळी तो गोठून मेलेला सापडतो. पोलीस येतात, विचारपूस करतात, जातात. कुणी केलं हे गावाला ठाऊक आहे. गाव तोंड उघडत नाही. वर्षानुवर्षं उघडत नाही.

मंडळी, हे प्रकरण मला आठवतच नव्हतं. अंधुक आठवत होतं असंही नाही. पाटी कोरी!

त्याच प्रकरणात पुढं एक म्हातारं जोडपं आहे. पन्नास वर्षांचा संसार झालेला. हातपाय चालेनासे होतात, तेव्हा भल्यासाठी म्हणून त्यांना वर्कहाऊसमध्ये नेतात. निराधारांना ठेवायची ती सरकारी जागा. तिथं बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, असा नियम. पन्नास वर्षांत पहिल्यांदा दोघांची ताटातूट होते आणि आठवड्याच्या आत दोघंही जातात. हेही मी विसरलो होतो.

आता मला छळणारा प्रश्न असा. लेखकानं तर काही लपवलेलं नाही. पुस्तकाच्या आरंभीच तो बजावतो, की या लहानपणच्या आठवणी आहेत, काळानं त्यात फेरफार केलेले असू शकतात. खून त्यानं सांगितला, ताटातूट सांगितली. मग वगळलं कुणी? मी वगळलं. आणि मी एकटा नाही. या पुस्तकाची ओळख जगभर कशी आहे? गवताची गंजी, सायडर, पहिलं प्रेम. लाखो वाचकांनी मिळून एक प्रकरण पुस्तकातून बाहेर काढलंय आणि पुस्तक मात्र कपाटात शाबूत आहे.

आजचा विषय हाच आहे. इंग्रजी खेड्याच्या आठवणींची पुस्तकं खोटी आहेत का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला वाटतं तो दुय्यम आहे. त्यातली चांगली पुस्तकं बऱ्यापैकी खरी आहेत. आपलं वाचन खरं आहे का, हे बघू या.

आधी शब्द बघू. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मूळचा कवींचा नव्हे, डॉक्टरांचा. १६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात तो घडवला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून दूर असलेले स्विस लोक खरोखर आजारी पडत, झुरत, त्या आजाराचं हे नाव. म्हणजे मुळात तो देशाचा, जागेचा आजार होता, काळाचा नंतर झाला.

आणि आपल्या मराठीनं काय केलंय बघा. आपण त्याला दोन शब्द दिलेत. एक ‘गतकातरता’ आणि दुसरा ‘स्मरणरंजन’. दोन्ही आपण एकाच अर्थानं बिनदिक्कत वापरतो. पण कान देऊन ऐका. कातरता म्हणजे व्याकुळ होणं, त्यात दुखतं. रंजन म्हणजे करमणूक, त्यात काहीच दुखत नाही. एकात गेलेली वस्तू महत्त्वाची, दुसऱ्यात आठवणाऱ्याची करमणूक महत्त्वाची. इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेलं हे भांडण मराठीनं उघडं पाडलं आहे. आज मी हे दोन शब्द मुद्दाम वेगळे धरणार आहे.

आता इंग्रजी खेड्याकडे. १८५१ च्या जनगणनेत असं दिसलं, की इंग्लंडात शहरात राहणारे लोक खेड्यात राहणाऱ्यांपेक्षा जास्त झालेत. जगातल्या एखाद्या मोठ्या देशाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. गंमत अशी, की बहुसंख्य लोक खेडं सोडून गेल्यावरच ‘खरं इंग्लंड म्हणजे खेडं’ हे वाक्य जोरात ऐकू यायला लागलं. १९२४ च्या मे महिन्यात स्टॅन्ली बाल्डविन यांनी एक भाषण केलं. आधी पंतप्रधान होते, पुढं पुन्हा झाले, त्या वेळी विरोधी बाकांवर होते. इंग्लंड म्हणजे काय, तर लोहाराच्या ऐरणीचा आवाज, दवातल्या सकाळी शेतात ओरडणारा पक्षी, विळ्याला धार लावल्याचा आवाज, टेकडीवरून येणारा नांगर. ऐकणारे भारावले. आणि बाल्डविन यांचं घराणं कशाचं? वूस्टरशरमधल्या लोखंडाच्या कारखान्याचं! मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. कारखानदाराच्या मुलाला ऐरणीचा आवाज खरंच गोड वाटत असेल. पण त्या भाषणात ऐरणीचा आवाज आहे, लोहाराची मजुरी नाही. रंजनाची ही पहिली खूण लक्षात ठेवा. आवाज असतात, वास असतात, ऋतू असतात. आकडे नसतात.

आता एक असं पुस्तक घेऊ ज्यात आकडे आहेत. फ्लोरा थॉम्प्सन, जन्म १८७६, ऑक्सफर्डशरमधल्या जुनिपर हिल या वाडीत. वडील गवंडी. तिनं साठीच्या उंबरठ्यावर बालपणाबद्दल लिहायला घेतलं. ‘लार्क राइज’ १९३९, मग १९४१, मग १९४३, आणि १९४५ मध्ये तिन्ही एकत्र, ‘लार्क राइज टू कँडलफर्ड’ या नावानं. दोन वर्षांनी ती गेली.

तारखा बघा. हे पुस्तक महायुद्धात आलं. बॉम्ब पडत असताना, शिधापत्रिकेवर लोणी मिळत असताना लोकांनी ते वाचलं. त्यांना त्यात काय सापडलं असेल हे सांगायला नको. घरोघरी पाळलेलं डुक्कर, रविवारी शेजाऱ्यांनी येऊन त्याची पाठ खाजवणं, कापणीनंतर बायकापोरांनी वेचलेला सरवा. ‘सरवा’ शब्द सगळ्यांना माहीत आहे ना? कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचून आणतात, तो. तिकडंही तेच चालायचं. आणि क्वीनी नावाची म्हातारी, जिनं लहानपणापासून हातानं लेस विणली आणि यंत्राची लेस आल्यावर जिच्या कलेला कुणी विचारेना. ती आता मधमाश्यांची पेटी राखत बसते.

पण याच पुस्तकात आकडा आहे. मजुराची आठवड्याची कमाई दहा शिलिंग. शेजारची शेतं बदलली, मालक बदलला, तरी दहा शिलिंग. त्यात सहा-सात पोरांचं कुटुंब. म्हणून मुली बारा-तेराव्या वर्षी घर सोडून धुण्याभांड्याच्या नोकरीवर जातात. फ्लोरा सांगते, की घरात पोरं मोठी झाली की झोपायला जागाच नसे, मुलींनी जाणं भाग होतं. आणि ‘लार्क राइज’च्या शेवटी काय आहे? चर्चच्या भिंतीवर पितळी पाटी. त्या एवढ्याशा वाडीतून पहिल्या महायुद्धात गेलेल्या अकरा मुलांची नावं. शेवटचं नाव तिच्या भावाचं. त्या भावाबरोबर ती ओढ्याकाठी हुंदडली होती, हे आपण पुस्तकभर वाचत आलेलो असतो. एका ओळीत पुस्तक मिटतं.

हे स्मरणरंजन आहे? मला नाही वाटत. ही कातरता आहे, आणि कमावलेली आहे.

तरीही टीकाकार म्हणून मला या पुस्तकाशी भांडायचं आहे. एके ठिकाणी फ्लोरा अशा अर्थाचं म्हणते, की तेव्हाचे लोक गरीब होते, पण आजच्यापेक्षा सुखी होते. इथं मी तिला थांबवतो. ‘गरीब होते’ या विधानाचा पुरावा तिनं दिला आहे, दहा शिलिंग. ‘सुखी होते’ याचा पुरावा काय? एका दहा वर्षांच्या मुलीनं मोठ्या माणसांना गाताना ऐकलं, हा. आता मुलांसमोर मोठी माणसं काय करतात हे आपल्याला माहीत नाही का? आई उपाशी असते आणि ‘मी मघाशीच जेवले’ म्हणते. मुलाच्या स्मरणात आई जेवलेली असते! मुलाची साक्ष खोटी नसते, पण ती अर्धवट असते. आणि तिच्यावर संबंध समाजाच्या सुखाचा निकाल देता येत नाही. ज्ञानशास्त्रात आम्ही याला साक्षीदाराच्या जागेचा प्रश्न म्हणतो. तो कुठं उभा होता? तिथून काय दिसत होतं?

फ्लोरा कुठं उभी होती, हे तिनंच सांगितलंय, ही तिची थोरवी. तिचं घर वाडीच्या टोकाला, वाडीकडे पाठ करून. वडील गवंडी, कारागीर, शेतमजुरांपेक्षा बरे कमावणारे, आणि स्वतःला वाडीतले न समजणारे. मुलगी पुस्तकं वाचणारी. चौदाव्या वर्षी ती पोस्टात कामाला लागली आणि वाडीतून बाहेर पडली. म्हणजे ती आतलीही आहे आणि बाहेरचीही. आतली नसती तर तपशील मिळाले नसते, बाहेर पडली नसती तर लिहिलं गेलं नसतं. नांगर धरणाऱ्यानं त्याच वर्षांबद्दल लिहिलं असतं तर? ते पुस्तक आपल्याकडे नाही. दहा शिलिंगात कागद परवडत नव्हता असं नाही, पण दिवसभर चिखल तुडवल्यावर लिहायला हात उरत नाहीत.

पुढं २००८ ते २०११ या काळात बीबीसीनं त्यावर मालिका केली. कपडे सुंदर, ऊन सुंदर. माझी पत्नी आणि मी आवडीनं पाहिली. मूळ पुस्तकात जे कणाकणानं साठत जातं, ती रोजची ओढाताण, तिला मालिकेत जागा नव्हती. तेच, प्रकरण वगळणं.

आता इथं रेमंड विल्यम्स आठवायला हवेत. १९७३ चं त्यांचं ‘द कंट्री अँड द सिटी’. रेल्वेत सिग्नल सांभाळणाऱ्याचा मुलगा, वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यातला, पुढं केंब्रिजमध्ये प्राध्यापक. त्यांनी एक साधी गोष्ट केली. ‘जुनं खेडं आता आत्ता संपलं’ असं म्हणणारा एक लेखक घेतला आणि विचारलं, जुनं म्हणजे कधीचं? तो म्हणाला, माझ्या लहानपणचं. मग त्याच्या लहानपणच्या काळातला लेखक काढला. तोही म्हणत होता, आत्ता संपलं. मग त्याच्या मागचा. असे ते मागं मागं सरकत्या जिन्यावरून गेले. हार्डी, कॉबेट, १७७० साली ‘द डेझर्टेड व्हिलेज’ लिहिणारा गोल्डस्मिथ, त्याही मागं टॉमस मोर, आणि शेवटी थेट एदनची बाग! प्रत्येक पिढीचा सुवर्णकाळ एक पिढी मागं.

हा युक्तिवाद मी अनेक वर्षं वर्गात शिकवला. मुलं हसायची, मीही हसायचो. आज मला त्यात एक धोका दिसतो. धोका विल्यम्समध्ये नाही, त्यांना खेड्याचं दुःख पुरतं ठाऊक होतं. धोका ऐकणाऱ्यात आहे. ‘प्रत्येक पिढी असंच म्हणते’ हे एकदा कळलं, की माणूस पुढचं ऐकतच नाही. म्हातारा कण्हला की ‘म्हातारे कण्हतातच’ म्हणून डॉक्टरच बोलवायचा नाही, तसं ते होतं. सगळे कण्हतात हे खरं, पण त्यातल्या काहींचं हाड खरोखर मोडलेलं असतं. कुणाचं, हे तपासायला नको?

मोडलेलं हाड म्हणजे काय ते सांगतो. इंग्लंडात गावाभोवती सामाईक जमीन असे. कुरण, माळ, झुडपी रान. गरिबाची एक गाय तिथं चरे, जळण तिथून येई. कायद्यानं ती जमीन बहुतेकदा त्याच्या मालकीची नव्हती, पण वहिवाट त्याची होती. ही जमीन कुंपण घालून खासगी करायची, त्यासाठी संसदेनं कायदे केले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्याखाली गेली. धान्याचं उत्पन्न वाढलं असं याच्या बाजूनं सांगतात, आणि ते पुष्कळ ठिकाणी खरंही आहे. पण ज्याची गाय गेली त्याला काय मिळालं? मजुरी.

नॉर्थम्प्टनशरमधल्या हेल्पस्टनचा जॉन क्लेअर, जन्म १७९३, शेतमजुराचा मुलगा, स्वतः मजूर आणि कवी. त्याच्या गावाच्या कुंपणाचा कायदा १८०९ चा. तो सोळा वर्षांचा होता. ज्या माळावर तो पोरपणी हिंडला, तिथं पाय ठेवणं आता गुन्हा. काही काळ त्यानं पोटासाठी कुंपण घालणाऱ्यांच्याच कामावर मजुरी केली. कल्पना करा! आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं त्यानं वेड्यांच्या इस्पितळात काढली, १८६४ मध्ये तिथंच गेला. त्याच्या कवितेतल्या हळहळीला स्मरणरंजन म्हणाल? त्याचा नुसता देखावा गेला नव्हता. हक्क गेला होता.

दुसरं उदाहरण जॉर्ज स्टर्ट यांचं. सरे परगण्यातल्या फार्नहॅमला त्यांच्या घराण्याचा गाड्या बनवायचा कारखाना होता. १८८४ साली शाळामास्तरकी सोडून ते त्यात आले. त्यांचं ‘चेंज इन द व्हिलेज’ १९१२ चं, आणि ‘द व्हीलराइट्स शॉप’ १९२३ चं. चाकाचा तुंबा एल्मचा, आरे ओकचे, घेर अ‍ॅशचा, आणि का, हे ते सांगतात. गाडीचं चाक सपाट नसतं, बशीसारखं किंचित खोलगट असतं. तसं का, हे मालकाला फार उशिरा उमगलं. घोडा चालताना डुलतो, त्याबरोबर ओझं एकदा या चाकावर आणि एकदा त्या चाकावर आदळतं, तो धक्का सोसायला ती खोली. कारागिरांना कारण सांगता येत नसे, पण चाक बरोबर येई. ज्ञान डोक्यात नव्हे, हातात होतं. हे वाचताना मला माझ्या क्षेत्रातले कितीतरी प्रबंध फिके वाटले.

आणि मग स्टर्ट काय करतात? धंदा टिकेना, म्हणून कारखान्यात इंजिन आणि यंत्राच्या करवती त्यांनीच आणल्या. ते स्वतः लिहितात, की त्यामुळे माझ्या माणसांची कामावरची हुकमत गेली. हळहळणारा माणूस इथं म्हणतो, की हे माझ्या हातून झालं. बाल्डविन यांच्या ऐरणीशी याची तुलना करून बघा. माझ्या मते या सबंध साहित्यप्रकारातली ही सगळ्यात प्रामाणिक जागा आहे.

आणि तिसरं, रोनल्ड ब्लाइद यांचं ‘एकनफील्ड’, १९६९. सफकमधल्या खेड्यातल्या लोकांशी बोलून, गावाचं नाव बदलून त्यांनी ते केलं. पीटर हॉल यांनी १९७४ मध्ये त्यावर चित्रपटही काढला. ब्लाइद २०२३ मध्ये शंभरी गाठून गेले. मघाशी मी म्हणालो, की नांगर धरणाऱ्याचं पुस्तक आपल्याकडे नाही. त्याच्या सगळ्यात जवळ हे पुस्तक जातं. सत्तरी ओलांडलेला एक शेतमजूर त्यात बोलतो. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा आम्हाला आनंद झाला, म्हणतो. का? शेतावरून सुटका! चार महिन्यांच्या लष्करी प्रशिक्षणात त्याचं वजन जवळजवळ एक स्टोन, म्हणजे सहा किलोच्या आसपास वाढलं, उंचीही थोडी वाढली. लोक म्हणाले, चांगल्या खाण्यामुळे. तो म्हणतो, नाही, आयुष्यात पहिल्यांदाच ढोरमेहनत नव्हती म्हणून.

सैन्याच्या कवायतीत ज्या पोराच्या अंगावर मांस चढतं, त्याचं गाव कसलं असेल? बाल्डविन यांचा टेकडीवरून येणारा नांगर आणि या पोराचा नांगर, नांगर एकच आहे. एक ऐकणारा आणि एक धरणारा.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, हे सगळं इंग्रजांचं. आपल्याला काय त्याचं? संबंध आहे, आणि ओढूनताणून आणलेला नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात आपल्या दख्खनच्या गावांबद्दल ते सांगतात, की प्रत्येक गाव म्हणजे एक छोटं राज्यच आहे, वरचं सरकार नाहीसं झालं तरी ते तगेल. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ यांनी हिंदुस्थानातली खेडी म्हणजे लहान लहान प्रजासत्ताकं, असं लिहिलं. ते वर्णन पुढं शंभर वर्षं गाजत राहिलं. आणि त्याच १८३० च्या हिवाळ्याच्या तोंडावर खुद्द इंग्लंडच्या दक्षिणेत काय चाललं होतं? भुकेले शेतमजूर मळणीयंत्रं फोडत होते, गंजी पेटवत होते. एकोणीस जणांना फाशी झाली, शेकडो ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले. आपल्याकडचं गाव मोडत असताना दुसऱ्याच्या देशात न मोडणारं गाव सापडावं, हा निव्वळ योगायोग असेलही. पण १८७१ मध्ये हेन्री मेन यांनी तर उघडच मांडलं, की युरोपच्या खेड्याचा भूतकाळ हिंदुस्थानच्या खेड्यात जिवंत बघायला मिळतो. म्हणजे त्यांची हरवलेली आठवण आपल्या गावावर टांगली गेली. आणि आपल्या शिकलेल्या लोकांनी ती आपलीच म्हणून उतरवून घेतली!

हे कुणी ओळखलं? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी. मसुदा मांडताना त्यांनी मेटकाफ यांचं नाव घेऊन सांगितलं, की आपल्या विचारवंतांच्या खेड्यावरच्या अपार प्रेमाचं मूळ या स्तुतीत आहे. आणि राज्यघटनेनं खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरला, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. बाबासाहेब गावाच्या कोणत्या बाजूनं बघत होते हे वेगळं सांगायला नको. वेशीच्या आत उभं राहून जे दिसतं आणि वेशीबाहेरून जे दिसतं, त्यांना एकच नाव देणं हीच मुळात चूक.

म्हणून मी वाचताना आता तीन प्रश्न जवळ ठेवतो. पहिला, आठवणारा कुठं उभा होता आणि आज कुठं आहे? दुसरा, नेमकं काय गेलं? देखावा गेला, कसब गेलं, की हक्क गेला? तिन्हींचं दुःख होऊ शकतं, पण देखावा गेल्याचं दुःख आणि गाय गेल्याचं दुःख एकाच तागडीत घालायचं नाही. आणि तिसरा, सगळ्यात अवघड. हे वाचताना मी कोणतं पान भरभर उलटतोय?

तिसऱ्या प्रश्नात मी पन्नास वर्षं नापास झालो. का झालो, यावर पावसाळाभर विचार केला. मला वाटतं, मला एक असं गाव हवं होतं जिथं मी कुणाचा अपराधी नाही. स्वतःच्या गावात ते शक्य नसतं. तिथं नावं माहीत असतात, कुणाच्या शेतात कोण राबत होतं आणि कुणाच्या ओसरीवर कोण चढत नव्हतं हे माहीत असतं. सातासमुद्रापलीकडचं गाव सोयीचं. पण लॉरी लीनं माझी ती सोय केली नव्हती. त्यानं बर्फातलं प्रेत तिथंच ठेवलं होतं. खुनाच्या वेळी त्याचं गाव गप्प बसलं, आणि वाचक म्हणून मीही त्या गप्प बसणाऱ्यांत जाऊन बसलो.

इथं थांबतो.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : आपल्या मराठी ग्रामीण साहित्याला हीच कसोटी लावायची का?

उत्तर : लावावीच. आणि आपले चांगले लेखक तिला उतरतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या, १९५५ ची. सांगणारा कोण? बाहेरून आलेला तरुण मास्तर. तो तिथं राबणारा धनगर नाही हे लेखक लपवत नाही. आणि शेवट? दुष्काळ, गाव उठून जातं. पण ‘बनगरवाडी’ म्हटलं की तुम्हाला आधी काय आठवतं? मला विचाराल तर म्हातारा कारभारी, मेंढरं, मोकळा माळ. दुष्काळ नंतर आठवतो. आता घरी जाऊन तुम्हीच तपासा.

प्रश्न : सर, मग ‘सायडर विथ रोझी’ तुम्ही आता कुणाला भेट द्याल का?

उत्तर : देईन की. पुस्तकावरचं प्रेम कमी झालेलं नाही, उलट वाढलंय, कारण आता ते सगळं पुस्तक आवडतंय. ज्या विद्यार्थिनीला लग्नात दिलं होतं, तिला मी मागच्या महिन्यात फोन केला. विचारलं, त्यातलं खुनाचं प्रकरण आठवतं का? ती म्हणाली, “हो सर, तेच तर आठवतं. नवीन लग्न झालेलं, मी अनोळखी गावात आले होते. एक अख्खं गाव मिळून गप्प बसू शकतं, हे वाचून मला रात्रभर झोप नव्हती.” पुस्तक तेच, मंडळी. ती कुठं उभी होती आणि मी कुठं, एवढाच फरक.